टू-स्ट्रोक ट्यून करायला ऑक्सिजन सेन्सर घ्यावा की इजीटी प्रोब?

आरएक्स 100 ला चेंबर (टू-स्ट्रोकचा फुगीर पोटाचा एक्झॉस्ट) टाकला, कार्ब बदलला, आता जेटिंग, म्हणजे हवा-पेट्रोलचं प्रमाण जुळवणं, कशाच्या भरवशावर करू, धुरातला ऑक्सिजन मोजून ते प्रमाण आकड्यात दाखवणारा वाइडबँड सेन्सर घेऊ की इजीटीचा, म्हणजे एक्झॉस्ट गॅसचं तापमान मोजणारा प्रोब, असं बरेच जण विचारतात म्हणून एकदा सविस्तर लिहितो. दोन्ही माझ्या गाडीवर लावून वापरलेत. पायलट, नीडल, मेन जेट काय करतात ते तुम्हाला माहीत आहे असं धरून चालतोय.

आधी सेन्सरची बाजू, कारण ती खरंच वजनदार आहे. फुल थ्रॉटलला, गाडी पॉवरबँडमध्ये ओढत असताना, मेन जेट एक नंबरने बदलला तरी वाइडबँडवर फरक लगेच दिसतो. प्लग काढा, पोर्सेलीनच्या बुडाशी रंगाची रिंग शोधा ही कटकट वाचते, आणि 2000 पासून सगळीकडे अनलेडेड पेट्रोल आल्यावर प्लगचा रंगही पूर्वीसारखा पटकन धरत नाही. दुसरं म्हणजे ई20, 20 टक्के इथेनॉलवालं पेट्रोल. एका भाग पेट्रोलला पूर्ण जळायला 14.7 भाग हवा लागते, तो आकडा इथेनॉलमुळे साधारण साडेतेरावर येतो, म्हणजे जुन्या पेट्रोलवर सेट केलेले जेट आता आपोआप लीन (पेट्रोल कमी, हवा जास्त) पडतात. डिस्प्ले लॅम्डावर (1 म्हणजे प्रमाण बरोबर, त्याच्या वर लीन) ठेवला की पेट्रोलमध्ये काय मिसळलंय याची चिंता नाही, हा सेन्सरचा मोठाच प्लस पॉइंट.

पण माझं घोडं अडलं ते पाव थ्रॉटलला. टू-स्ट्रोकमध्ये पोर्ट उघडे असताना थोडं ताजं मिक्श्चर न जळताच सायलेन्सरमध्ये निघून जातं आणि त्यातला ऑक्सिजन सेन्सर मोजतो, त्यामुळे आकडा असतो त्यापेक्षा लीन दिसतो. तो फरक कायम सारखा असता तर वजा करून भागलं असतं, पण आरपीएम बदलला, चेंबर बदलला की तोही बदलतो. बरं हेही चालवून घेतलं असतं. गावात चाळीसच्या स्पीडने, थ्रॉटल जेमतेम उघडा, गाडी मिसिंग करत चाललीय, मागे निळा धूर, प्लग ओला, शेंबडं पोरही सांगेल की रिच (पेट्रोल जास्त) आहे, आणि डिस्प्ले दाखवतोय लॅम्डा 1.2! कारण सोपं आहे, एक फेरा पेटलाच नाही की त्यातला सगळा ऑक्सिजन जसाच्या तसा बाहेर येतो. नीडलची क्लिप एक खाच वर घेतली, म्हणजे मिक्श्चर लीन केलं, तर मिसिंग थांबलं आणि आकडा उलटा रिचकडे सरकला. आता सांगा, या आकड्यावर भरवसा ठेवून कोणी पेट्रोल वाढवत बसला तर गाडी सिग्नलला बंद पडेल नाहीतर काय? आणि आपलं निम्म्याहून जास्त चालवणं याच थ्रॉटलवर असतं. रेसवाल्यांना कदाचित याचं काही वाटणार नाही, मला वाटलं.

बाकी ऑइलने सेन्सर हळूहळू खराब होतो, हीटरला करंट बराच लागतो म्हणून वेगळी 12 व्होल्टची बॅटरी पाठीवरच्या बॅगेत न्यावी लागते, आणि सेन्सर बंद ठेवून गाडी फिरवली तर तो अजून लवकर जातो. म्हणजे कायमचा लावून ठेवायची सोय नाही.

इजीटीचं तसं नाही. के टाइपचा प्रोब बेंड पाईपमध्ये, पिस्टनपासून साधारण 100 ते 150 मिमीवर बसवला की विषय संपला, ऑइल लागो नाहीतर काजळी बसो. साताऱ्याकडे जाताना खंबाटकीच्या चढावर थ्रॉटल धरून ठेवला की काटा चढताना दिसतो, माझ्या गाडीवर 600 डिग्री सेल्सियसच्या आसपास थांबला तर निवांत, 650 कडे सरकायला लागला की मी थ्रॉटल सोडतो. क्रँकचं सील हवा खेचायला लागलं तरी काटा नेहमीपेक्षा वर राहतो, म्हणजे पिस्टन पकडायच्या (जाम व्हायच्या) आधी कळायची थोडी तरी आशा. मायक्रोलाइट विमानांतल्या रोटॅक्स 582 सारख्या टू-स्ट्रोकलाही इजीटीच लावतात, आणि केटीएमने 2018 च्या मॉडेलपासून टू-स्ट्रोकला इंजेक्शन दिलं तेही ऑक्सिजन सेन्सरशिवाय. त्यांनी काहीतरी विचार केलाच असेल ना.

तोटे आहेत, नाही असं नाही. माझा 600 तुमच्या गाडीला लागू होणार नाही, प्रोब दोन बोटं पुढेमागे झाला तरी आकडा बदलतो. टायमिंग रिटार्ड असलं, म्हणजे ठिणगी उशिरा पडत असली की मिक्श्चर बरोबर असूनही तापमान वर जातं. आणि फारच लीन केलं तर ते पुन्हा खाली येतं, तेव्हा कमी आकडा बघून खूश व्हायचं नाही. म्हणून आधी प्लग बघून रिच बाजूने सेटिंग करायचं, त्या सेटिंगला काटा कुठे येतो ते लिहून ठेवायचं, मग एकेक जेट खाली यायचं.

डायनोवर (गाडीची पॉवर मोजायच्या मशीनवर) फक्त फुल थ्रॉटलचे पुल मारायचे असतील तर सेन्सर जास्त उपयोगी पडेल, हे मी मान्य करतो. रोज चालवायची गाडी असेल तर माझ्या मते आधी प्रोब घ्या, पैसेही बरेच कमी लागतात, आणि सेन्सर कोणा मित्राकडे असेल तर मेन जेट ठरवण्यापुरता एका रविवारी मागून आणा. बेंड पाईपचं गॅस्केट मात्र त्याआधी बदला, तिथून हवा ओढली तर सेन्सर ती पण लीन म्हणूनच दाखवतो.