आयटीआय की थेट शिकाऊ उमेदवारी?

दहावीनंतर फिटर होऊ पाहणाऱ्या मुलामुलींपुढे दोन वाटा असतात. आयटीआयचा, म्हणजे औद्योगिक प्रशिक्षण संस्थेचा, दोन वर्षांचा अभ्यासक्रम पाया पक्का करतो. व्हर्नियर कॅलिपरवर माप वाचणे, कानशीने जॉबचा, म्हणजे घडवायच्या धातूच्या तुकड्याचा, काटकोन साधणे हे तिथे चुकतमाकत शिकता येते, कारण माल वाया गेला तरी कोणाची ऑर्डर अडत नाही. शिकाऊ उमेदवार अधिनियम, १९६१ नुसार थेट कारखान्यात दाखल झाल्यास मात्र विद्यावेतन मिळते, आणि मुख्य म्हणजे मशीनच्या आवाजावरून बिघाड ओळखणारा जाणता कारागीर शेजारी असतो. अर्थात तो शिकवेलच असे नाही, काही ठिकाणी उमेदवाराच्या हाती झाडूच येतो. घरची ओढाताण नसेल तर आधी आयटीआय आणि मग उमेदवारी हा क्रम मला अधिक योग्य वाटतो, कारण आयटीआय झालेल्यांना उमेदवारीच्या कालावधीतही सूट मिळते.