शुगरचं किट: दप्तरात की मेडिकल रूममध्ये?

टाइप १ डायबेटिस असलेल्या मुलाचे पालक जूनमध्ये शाळेत भेटायला गेले की बोलणं एका मुद्द्यावर अडतं. ग्लुकोमीटर, इन्सुलिनचं पेन आणि ग्लुकोज मुलाजवळ राहणार की मेडिकल रूममध्ये? शाळेचा कल बहुधा मेडिकल रूमकडे असतो, आणि त्यामागची कारणं खोटी नाहीत.

इन्सुलिनसाठी ती जागा खरंच बरी. वापरात असलेलं पेन ३० अंशांखाली साधारण चार आठवडे टिकतं; ऑक्टोबरच्या दुपारी खिडकीलगतच्या बाकावर दप्तर त्याहून जास्त तापतं. वापरलेल्या सुया टाकायला तिथे झाकणाचा जाड डबा ठेवता येतो. पहिली-दुसरीतल्या मुलाचा डब्याआधीचा डोस तर मोठ्या माणसाने पाहूनच द्यावा. पेनवर ३ युनिटऐवजी ५ फिरवले जायला वेळ लागत नाही. डोस बरोबर असूनही भाजी आवडली नाही म्हणून पोळी अर्धी राहिली, तर पुढच्या तासा-दोन तासांत शुगर खाली येते.

पण मध्ये जिना आहे. वर्ग तिसऱ्या मजल्यावर, मेडिकल रूम तळमजल्यावर. शुगर ७० (mg/dL) च्या खाली गेलेल्या मुलाचे पाय लटपटतात, नीट सुचत नाही, आणि चालण्याने शुगर आणखी उतरते. अशा वेळी त्याला एकटं पाठवायचं नाही हे पहिलं पथ्य, म्हणून सोबत कोणीतरी हवं. खाली पोचावं तर किल्ली मावशींकडे आणि मावशी दुसऱ्या इमारतीत. दोन पाळ्यांच्या शाळेत नर्स एकाच पाळीला असली तर आणखी पंचाईत. उपाय म्हणजे पाण्यात घोळलेली ग्लुकोजची एक पुडी, आणि ती तीन मजले लांब! आमच्या घरी निर्णय या जिन्यानेच केला.

दप्तराचेही त्रास आहेत. पावसाळ्यात मीटरच्या स्ट्रिपच्या डबीचं झाकण उघडं राहिलं तर दमट हवेने स्ट्रिप बिघडतात, ग्लुकोजचे गठ्ठे होतात. म्हणून सगळं झिपच्या प्लास्टिक पिशवीत ठेवावं. वजनाच्या किलोमागे ०.३ ग्रॅम ग्लुकोज धरतात, म्हणजे २५ किलोच्या मुलाला साडेसात-आठ ग्रॅम. तेवढ्याच्या चार पुड्या घरीच वजन करून बांधाव्यात. चॉकलेट नको, त्यातल्या चरबीमुळे साखर उशिरा चढते. पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासायचं, अजून ७० खाली असेल तर दुसरी पुडी. बोटाला केळं किंवा आंबा लागलेला असेल तर मीटर भलताच मोठा आकडा दाखवतो आणि खरी लो, म्हणजे उतरलेली शुगर, झाकली जाते. हात धुवायचे, पाणी नसेल तर पहिला थेंब पुसून दुसरा घ्यायचा.

पीटीचं मैदान रस्त्यापलीकडे असलं की मेडिकल रूम बरोबर येत नाही. बसमध्येही नाही. २६ जुलै २००५ च्या पुरात मुंबईत कितीतरी मुलं शाळांत आणि बसमध्ये तासन्‌तास अडकली होती. हिंदमाताला पाणी भरलं की अजूनही घरी पोचायची वेळ कोणी सांगू शकत नाही. त्या दिवसासाठी पिशवीत बिस्किटांचा पुडाही हवा.

मूल लहान असेल तर पेन खालीच राहू द्यावं, त्यात चुकीचं काही नाही. पण मीटर आणि ग्लुकोज दप्तरात असावं, असं मला आग्रहाने वाटतं. पाचवी-सहावीत हात बसला की पेनही वर न्यावं. मुख्याध्यापक कां-कूं करत असतील, तर राष्ट्रीय बाल हक्क संरक्षण आयोगाचं २०२३ चं पत्र छापून न्या. वर्गात आणि परीक्षेतही शुगर तपासू द्यावी, इन्सुलिन घेऊ द्यावं, असं त्यात म्हटलं आहे. अंगावर लावलेल्या शुगरच्या सेन्सरचा आकडा फोनवर दिसत असेल तर परीक्षेत तो फोन पर्यवेक्षकाकडे ठेवण्याची सोयही त्यात आहे.

पिशवीवर बाहेरून मोठ्या अक्षरांत एक चिठ्ठी चिकटवा: शुद्ध हरपली तर तोंडात काही घालू नका, कुशीवर झोपवा, १०८ ला फोन करा, मग आम्हाला.