कुत्रा ‘शिकवून देतो’ म्हणणाऱ्याच्या हाती देण्याआधी

‘महिनाभर कुत्रा आमच्याकडे ठेवा, सगळ्या कमांड शिकवून घरपोच आणून देतो,’ असं सांगणारा कुणी तुमच्या गावात आला, तर पैसे देण्याआधी हे पूर्ण वाचा. आमचे पैसे गेले ते गेलेच, पण त्याहून वाईट म्हणजे एका मायाळू जनावराच्या मनात माणसाची भीती बसली.

आमचं वावर वर्धा जिल्ह्यातल्या सेलू तालुक्यात, बोर व्याघ्र प्रकल्पाच्या बाजूला. रानडुकरं आणि रोही (नीलगायी) रात्रीतून तूर-चण्यात शिरतात, म्हणून मामाजी, म्हणजे माझे सासरे, हिवाळाभर रात्री राखणीला, जागलीला जातात आणि भुऱ्या त्यांच्यासोबत. भुऱ्या गावठी आणि लॅब्राडोर अशा मिश्र जातीचा, अंगानं दणकट. अडचण एकच होती. डुक्कर दिसलं की तो मागे सुटायचा आणि कितीही हाका मारल्या तरी फिरायचा नाही. जंगलाच्या कडेला हे जिवावरचं काम आहे. बिबट्यासाठी कुत्रा ही सोपी शिकार, आणि भुऱ्या परत आला नाही तर मामाजी बॅटरी घेऊन अंधारात त्याच्या मागे जाणार, हे घरात सगळ्यांना माहीत होतं. त्याला शेकहँड शिकवण्याची हौस आम्हाला नव्हती. ‘ये’ म्हटलं की परत यावं आणि ‘थांब’ म्हटलं की जागेवर थांबावं, एवढंच पाहिजे होतं.

मोबाईलवरच्या जाहिरातीतून हा ट्रेनर सापडला. स्वतःचा जर्मन शेफर्ड गाडीत घालून तो गावात आला आणि ग्रामपंचायतीसमोरच्या मोकळ्या जागेत त्यानं प्रयोग करून दाखवला. सिट म्हटलं की कुत्रा बसायचा, डाऊन म्हटलं की लोळण घ्यायचा, समोर बिस्किट ठेवलं तरी परवानगीशिवाय तोंड लावायचा नाही. पोलिसांच्या श्वान पथकातली कुत्री आपण तयार केली, असं तो सांगत होता. अर्धं गाव जमलं होतं. भाव ठरला १८,००० रुपये, अर्धे आगाऊ. पावती दिली ती छापील, पण तिच्यावर पत्ता नव्हता, फक्त मोबाईल नंबर होता.

भुऱ्याला भेटायला यायचं म्हटलं की उत्तर ठरलेलं. ‘मॅडम, मालक दिसला की कुत्रा बिघडतो. सगळी मेहनत वाया जाते.’ त्याऐवजी व्हिडिओ यायचे, तेही काही सेकंदांचे. भुऱ्या बसतोय, भुऱ्या थांबतोय. गळ्यात एक रुंद काळा पट्टा, आणि शेपूट कायम पोटाखाली. मधेच खास आहारासाठी आणखी ३,००० रुपये मागवले.

तो त्याला परत घेऊन आला, तेव्हा आमच्या अंगणात भुऱ्यानं सगळं करून दाखवलं. बसला, झोपला, वाड्याच्या दारापासून हाकेसरशी धावत आला. उरलेले पैसे फोनवरून पोचते झाल्यावर त्या माणसानं तो काळा पट्टा काढून घेतला. ‘हा आमचा असतो, परत न्यावा लागतो.’ सगळा वेळ त्याचा उजवा हात जॅकेटच्या खिशात होता. त्याचा अर्थ कळला तो नंतर.

त्याच संध्याकाळी मामाजींनी ‘सिट’ म्हटलं, तर भुऱ्या जमिनीला चिकटला आणि तिथेच त्यानं लघवी केली. ‘कम’ म्हटल्यावर तो गोठ्यात जाऊन गव्हाणीमागे लपला. मामाजींच्या हाताखाली वाढलेलं कुत्रं ते, त्यांनी डोक्यावरून फिरवायला हात वर केला तरी डोळे मिटून घेत होतं. मान कुरवाळताना केसांखाली दोन ओल्या जखमा लागल्या, गोल, एकमेकींपासून सारख्या अंतरावर.

तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यातल्या डॉक्टरांनी केस कापले आणि पाहताच सांगितलं, या शॉक कॉलरच्या जखमा आहेत. या पट्ट्याच्या आतल्या बाजूला धातूचे दोन खुंटे असतात, ते कातडीला टेकून राहतात. रिमोटचं बटण दाबलं की त्यातून गळ्याला विजेचा झटका बसतो. असा पट्टा तासन्‌तास आवळून ठेवला, तर नुसत्या दाबानंही कातडी सडून अशा जखमा होतात. आमच्याकडे रानडुकरांसाठी वावराच्या कुंपणाला झटका मशीन असते. तिच्या तारेला चुकून हात लागला तर काय होतं ते इथल्या प्रत्येक कास्तकाराला ठाऊक आहे. पण जनावर तारेपासून मागे सरकू शकतं. गळ्यातल्या पट्ट्यापासून ते कुठे सरकणार?

या फसवणुकीची सगळी खुबी त्या पट्ट्यात आहे. गळ्यात पट्टा आणि समोर तो माणूस असेपर्यंत कुत्रं झटका टाळण्यासाठी सांगेल ते करतं. बघणाऱ्याला वाटतं, शिकलं. पट्टा निघाला, माणूस गेला, की मागे फक्त धसका उरतो. आणि मग तो माणूस काय म्हणतो तेही सांगते, कारण हे वाक्य तुम्हालाही ऐकवलं जाईल. मी फोन केला तेव्हा तो म्हणाला, ‘आमच्यासमोर तर सगळं करत होता. तुम्ही घरी सराव घेतला नसेल.’ त्यानंतर त्यानं फोन उचलला नाही, आणि पुढे तो नंबरच बंद झाला.

आमच्या गावात निमलष्करी दलातून निवृत्त झालेले एक काका आहेत. ग्वाल्हेरजवळ टेकनपूरला सीमा सुरक्षा दलाचं श्वान प्रशिक्षण केंद्र आहे, तिथली पद्धत त्यांनी पाहिली आहे. भुऱ्याला पाहून ते म्हणाले, ‘सूनबाई, कुत्रं एकटं नाई शिकत. ज्याच्या संग काम कराचं, त्याच्या संगच शिकते.’ तिथे कुत्रा आणि त्याला सांभाळणारा जवान यांची जोडी असते, आणि कित्येक महिने दोघं मिळून शिकतात. मग आमचा कुत्रा आम्हाला न दाखवता, आमच्याशिवाय, महिनाभरात कसा शिकणार होता? जो तुम्हाला शिकवणी पाहू देत नाही, त्याला कुत्रं देऊ नका. त्याची कारणं ऐकत बसू नका. चांगला शिकवणारा उलट मालकालाच बोलावतो, दोरी त्याच्या हातात देतो आणि चुका दाखवतो, कारण कुत्र्यापेक्षा जास्त शिकायचं असतं ते मालकाला.

व्हिडिओ पाहताना कुत्रं बसलं की नाही हे पाहू नका, ते बसताना कसं दिसतं ते पाहा. कान मागे चिकटलेले, शेपूट पोटात, सारखी ओठांवरून जीभ, सारख्या जांभया, नजर चोरणं, ही भीतीची लक्षणं आहेत. खुशीनं शिकणाऱ्या कुत्र्याचं अंग सैल असतं आणि ते माणसाच्या तोंडाकडे बघत असतं. ‘शंभर टक्के गॅरंटी’ देणारा असेल, तर त्याच्याकडे आधी शिकलेली कुत्री त्यांच्या घरी, त्यांच्या मालकाच्या हाताखाली काय करतात ते जाऊन पाहा. त्याच्या स्वतःच्या कुत्र्याच्या कसरतींवरून काहीच सिद्ध होत नाही.

डॉक्टरांनी जखमांवर औषध दिलं आणि सांगितलं, की तिथले सिट, कम हे शब्द आता वापरू नका, त्या शब्दांनाच तो भितो. म्हणून मामाजींनी पहिल्यापासून सुरू केलं, ‘बस’, ‘ये’, ‘थांब’ असं. उकडलेल्या अंड्याचा बारीक तुकडा त्याच्या नाकापाशी धरायचा आणि हळूच डोक्यावरून मागे न्यायचा. मान वर जाते, तसं ढुंगण आपोआप खाली टेकतं. टेकलं त्याच क्षणी तुकडा तोंडात. उशीर झाला तर तो तुकडा कशासाठी मिळाला हे त्याला कळत नाही. एका वेळी पाचेक मिनिटं, कंटाळण्याआधी बंद. अंगणात जमलं म्हणून वावरात जमत नाही, जागा बदलली की पुन्हा थोडं मागे जाऊन शिकवावं लागतं. ‘ये’ शिकवायला बैलाचा लांब कासरा गळपट्ट्याला बांधला. आधी चार पावलांवरून हाक, मग धुऱ्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. कासरा ओढायचा नाही, तो फक्त सुटून जाऊ नये म्हणून. आणि कितीही उशिरा आला, तरी आल्यावर रागवायचं नाही. आल्यावर मार बसतो हे एकदा कळलं, की कुत्रं येणं सोडतं. भुऱ्या आता मामाजींच्या हाकेला येतो. अनोळखी माणसाचा हात खिशात गेला की अजूनही गोठ्याकडे पळतो, आणि डुकरामागे गेला तर फिरेल याची खात्री नाही, म्हणून रात्री तो जागलीच्या माळ्याखाली बांधलेलाच असतो.

तक्रारीचं सांगते. पोलीस ठाण्यात आम्ही फसवणुकीचा अर्ज दिला आहे. भारतीय न्याय संहितेत फसवणुकीचं कलम ३१८ आहे. प्राण्यांना क्रूरपणे वागवण्याविरुद्धचा कायदा १९६० चा आहे आणि त्यात पहिल्या गुन्ह्याला दंड १० ते ५० रुपये. भुऱ्याच्या मानेकडे पाहून हा आकडा वाचला तेव्हा फार संताप आला. तरीही अर्जात तेही लिहिलं, डॉक्टरांचं प्रमाणपत्र आणि जखमांचे फोटो जोडले. पैशांसाठी ग्राहकांची हेल्पलाइन १९१५ वर नोंद केली. पुढचा रस्ता जिल्हा ग्राहक आयोगाचा. २०१९ च्या कायद्यानं तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येते, वकील लागतोच असं नाही, आणि ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. मुदत मात्र दोन वर्षांची आहे.

त्या प्रयोगाच्या दिवशी आजूबाजूच्या गावांतलेही लोक आले होते आणि काहींनी तिथेच त्याचा नंबर घेतला होता. तुमचं कुत्रं असंच काळ्या पट्ट्यात जाऊन धसकलेलं परत आलं असेल, तर आधी मानेचे केस बाजूला करून पाहा आणि डॉक्टरांकडून लिहून घ्या. त्यानं पाठवलेले व्हिडिओ, पैसे दिल्याचे मेसेज, ती पत्ता नसलेली पावती, यातलं काहीही पुसू किंवा फेकू नका. एकाच माणसानं फसवलेल्या अनेकांना आयोगाच्या परवानगीनं मिळून एकच तक्रार करता येते. आमची कागदपत्रं तयार आहेत, तुमची असतील तर सोबत जोडू.