जुनी नाणी ऑनलाइन विकताना यूपीआय कितपत भरवशाचं?

व्हिक्टोरिया राणीचा १८६२ चा चांदीचा रुपया ग्रुपवर टाकला की पैसे बहुधा यूपीआयनेच येतात. विकणाऱ्यासाठी ही सोय उत्तम आहे. रक्कम थेट खात्यात पडते आणि नाणं हातात आल्यावर गिऱ्हाइकाला ती एकतर्फी परत ओढता येत नाही. पेपाल या परदेशी पेमेंट सेवेवर मात्र गिऱ्हाइकाला तक्रारीला १८० दिवस मिळतात.

फसवणूक होते ती खात्यात पैसे न पडताच. हिरव्या खुणेचा, बारा आकडी व्यवहार क्रमांकाचा स्क्रीनशॉट खोटा बनवता येतो. 'जमा झाले' असा एसएमएसही येतो, पण साध्या दहा आकडी नंबरवरून. बँकेचा संदेश अक्षरी नावाने येतो. पाठोपाठ फोन: 'तीन हजारांऐवजी तीस हजार गेले, उरलेले परत टाका ना!' बँकेचं ॲप स्वतः उघडून जमेची नोंद पाहा. नोंद नाही, तर नाणं पाकिटात जाणार नाही. पैसे घ्यायला पिन किंवा क्यूआर स्कॅन कधीच लागत नाही. 'रिझर्व्ह बँकेची फी' आधी भरायला सांगणारा तर सरळ चोर. तसा इशारा बँकेनेच २०२१ मध्ये दिला आहे.

यूपीआय एका बाबतीत मात्र कमी पडतं: आलेले पैसे चोरीचे निघाले तर. मूळ मालकाने १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार केली की ते पैसे ज्या ज्या खात्यांतून फिरले तिथली रक्कम गोठवली जाऊ शकते, तुमच्या खात्यातलीसुद्धा. म्हणून भाव ठरवणारा, पैसे टाकणारा आणि पार्सलवरचं नाव एकच हवं. जमेच्या नोंदीत वेगळंच नाव दिसलं तर पार्सल थांबवा आणि बँकेला कळवा. गिऱ्हाईक सांगेल त्या दुसऱ्या नंबरवर पैसे परत टाकू नका. चॅट, बिल आणि स्पीड पोस्टची पावती जपून ठेवा. खातं अडकलं तर बँकेत आणि पोलिसांत हेच दाखवायचं असतं.

'वेगळंच नाणं आलं' या तक्रारीसाठी नाण्याचा काट्यावरचा फोटो काढा. पूर्ण वजन ११.६६ ग्रॅम, झिजलेलं थोडं कमी भरतं. काठावरचा एखादा ओरखडा जवळून टिपा, कारण तो दुसऱ्या रुपयावर सापडणार नाही.

परदेशातून चढा भाव आला तरी हा रुपया पाठवता येत नाही. १०० वर्षांहून जुनं नाणं देशाबाहेर नेण्यास १९७२ च्या पुरावस्तू कायद्याने खासगी व्यक्तीला मनाई आहे.