द्रवातले होकायंत्र की मॅग्नेटोमीटरचा पडदा?

चार आसनी विमानाचे पॅनेल बदलणाऱ्या एका मित्राला हा प्रश्न पडला आहे: दिशा पाहण्यासाठी द्रवात तरंगणारे जुने चुंबकी होकायंत्र पुरे, की मॅग्नेटोमीटर (चुंबकी क्षेत्र मोजणारा विजेवरचा सेन्सर) जोडलेला इलेक्ट्रॉनिक पडदा घ्यावा?

कॅलिब्रेशनची, म्हणजे यंत्राची चूक मोजून दुरुस्त करण्याची, मेहनत दोन्हीकडे आहे. जुन्या होकायंत्रासाठी इंजिन आणि रेडिओ चालू ठेवून विमान दर 30 अंशांवर उभे करतात, पितळी स्क्रू-ड्रायव्हरने (लोखंडी नव्हे, तो स्वतःच सुईला ओढतो) दोन स्क्रू जुळवतात आणि उरलेली चूक खालच्या कार्डावर लिहितात. मॅग्नेटोमीटरची चूक सॉफ्टवेअर हिशेबात धरते. मात्र सेन्सर लोखंड व तारांपासून दूर, बहुधा पंखात, बसवावा लागतो आणि खर्च तिथेच वाढतो.

वीज गेली तरी जुने यंत्र चालते, पण वळताना आणि वेग बदलताना ते फसवते.

एककांची डोकेदुखी फक्त पडद्याची, कारण त्यावर दिशेबरोबर उंची आणि इंधनही दिसू शकते. उंची बरोबर दिसण्यासाठी भरायचा हवेचा दाब त्याच्या सेटिंगमध्ये पाऱ्याच्या इंचांत राहिला, तर हवाई वाहतूक नियंत्रकाने हेक्टोपास्कलमध्ये सांगितलेला आकडा भरताच येत नाही; 1013.25 हेक्टोपास्कल म्हणजे 29.92 इंच. इंधनाचे एकक तर अधिकच जपावे: 1983 मध्ये कॅनडात किलोऐवजी पौंड धरल्याने एका बोइंग 767 चे इंधन हवेतच संपले होते.

दिवसा, स्वच्छ हवेत धावपट्टीच्या आसपास उडणाऱ्याला जुने पुरे. ढगांतून उपकरणांच्या भरवशावर जाणाऱ्याने पडदा घ्यावा, आणि जुने होकायंत्र काढू नये.