कोल्हापुरातल्या वकील फर्मचा तीस वर्षांचा ‘सर्च’: पैसे नेमके कशाचे मोजायचे?

कोल्हापुरात शेतजमीन किंवा जुनी मिळकत घ्यायची झाली, की इसार देण्याआधी वकिलाकडून सर्च, म्हणजे मालकी आणि बोजांचा जुन्या नोंदींतला शोध, काढून घ्यायचा, एवढं सगळ्यांना माहीत असतं. त्यात काय काय बघितलं, हे मात्र फार थोडे जण विचारतात. ‘निर्वेध व बोजारहित’ ही शेवटची ओळ वाचली की फाईल बंद.

शहरात हे काम एकएकटे वकीलही करतात आणि दोन-तीन पिढ्यांत वाढलेल्या फर्मही. इथं परीक्षण आहे ते फर्मच्या सेवेचं. बिगरशेती झालेला, एकदोनदाच हात बदललेला प्लॉट असेल तर एकटा चांगला वकील पुरेसा आहे, जास्तीचे पैसे घालवू नका. वतनी जमीन, कुळाची जमीन किंवा पेठेतलं वाटपाचं घर असेल तर जुन्या फर्मची फी देणं योग्य. तिथं पैसे पडतात ते दप्तराचे, पाटीवरच्या नावाचे नव्हेत.

या दप्तराचं महत्त्व कळायला फर्म कशा वाढल्या ते बघावं लागतं. मुंबईत सॉलिसिटरांच्या फर्म फार जुन्या: क्रॉफर्ड बेली १८३०ची, लिटल अँड कंपनी १८५६ची, मुल्ला अँड मुल्ला १८९५ची. तिथं दस्त आणि टायटल सॉलिसिटरनं बघायचं, कोर्टात उभं दुसऱ्यानं राहायचं, अशी कामाची वाटणी होती. कोल्हापूर १ मार्च १९४९ पर्यंत संस्थान होतं, कोर्टं आणि महसुली दप्तर स्वतःचं. इथला वकील दिवाणी दाव्यापासून खरेदीपत्राच्या मसुद्यापर्यंत सगळं एकटा करायचा, आणि मुलगा वकील झाला की त्याच खोलीत दुसरं टेबल पडायचं.

फर्म हे रूप आलं ते कामाच्या रेट्यामुळं. १९८९पासून चेक न वटणं हा गुन्हा झाला आणि पतसंस्थांचे त्या कलम १३८चे खटले गठ्ठ्यानं यायला लागले. मग गृहकर्जांसाठी बँकांनी पॅनेलवर वकील नेमले, २००२मध्ये बँकांच्या थकीत कर्जवसुलीचा सरफेसी कायदा आला, २०१७मध्ये बांधकाम प्रकल्पांवर देखरेख करणारं महारेरा. बँकेला अहवाल ठरलेल्या दिवसांत हवा असतो, म्हणून दुय्यम निबंधकाकडं जाणारा ज्युनिअर वेगळा, तहसीलला जाणारा कारकून वेगळा, मसुदा करणारा तिसरा, असं होत गेलं. वकिलांना जाहिरात करायला मनाई असल्यानं ही वाढ झाली ती बँकांच्या यादीवर आणि तोंडी शिफारशीवर. ताजा बदल उच्च न्यायालयाच्या कोल्हापूर सर्किट बेंचचा. १८ ऑगस्ट २०२५पासून ते सीपीआर रुग्णालयासमोरच्या जुन्या न्यायालय इमारतीत सुरू झालं आणि कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांचं काम तिथं आलं. एका अपिलासाठी इथला आणि मुंबईचा अशा दोन वकिलांची फी भरणाऱ्या पक्षकाराला हा मोठा दिलासा आहे.

आता सेवेकडं. चांगल्या फर्मचा सर्च निबंधक कार्यालयात सुरू होत नाही, सातबाऱ्यावर सुरू होतो. डिजिटल सहीचा आजचा सातबारा १५ रुपयांत निघतो. त्याचा उपयोग आज कोणाचं नाव आहे एवढं कळण्यापुरता. खरं काम हस्तलिखित जुन्या सातबाऱ्यांचं. त्यात नावाशेजारी वर्तुळात आकडा असतो, तो फेरफार, म्हणजे मालकीतल्या बदलाच्या नोंदीचा, क्रमांक. नाव कंसात टाकलेलं असेल तर ते कमी झालेलं. प्रत्येक वर्तुळातल्या आकड्याचा फेरफार काढून साखळी लावायची, मग एकत्रीकरणात, म्हणजे जमिनीचे तुकडे जोडण्याच्या योजनेत, सर्व्हे नंबरचा गट नंबर कसा झाला हे त्या योजनेच्या ९(३), ९(४)च्या उताऱ्यावरून जुळवायचं, क्षेत्र बदललेलं दिसलं तर कमी-जास्त पत्रक (क्षेत्रातल्या बदलाचा तक्ता) आणि आकारफोड (हिस्से पडल्यावर क्षेत्र आणि शेतसाऱ्याची वाटणी दाखवणारा कागद) मागवायचं. शहरात मिळकत असेल तर वॉर्डासह सि.स. (सिटी सर्व्हे) नंबर आणि मालमत्ता पत्रक. हे झाल्यावरच निबंधक कार्यालयातली सूची क्रमांक २ (नोंदवलेल्या दस्तांची यादी) बघण्यात अर्थ आहे, कारण कुठले नंबर शोधायचे ते तोवर कळलेलं असतं.

तीसच वर्षं का? गहाण सोडवायची मुदत कायद्यानं ३० वर्षं आहे, आणि ३० वर्षांहून जुना दस्त योग्य ताब्यातून आला तर कोर्ट त्याच्या सह्या खऱ्या धरू शकतं. म्हणून हा आकडा रुळला. पण फेरफारांना तो लावणं ही या सेवेतली सगळ्यात मोठी चूक, आणि ती सर्रास होते. समजा १९६८मध्ये बाप वारला. वारस नोंदीत फक्त थोरल्या मुलाचं नाव लागलं, पुढं तीन अक्षरं: ‘ए.कु.मॅ.’, म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर. तो मालक नव्हे, सगळ्यांच्या वतीनं नाव लागलेला. दोन बहिणींचा उल्लेखच नाही. १९९०मध्ये भावांनी तहसीलदारांकडून जमीन महसूल कायद्याच्या कलम ८५चं वाटप करून घेतलं, बहिणींची सही नाही, हक्कसोड पत्र नाही. १९९६पासून सुरू होणारा सर्च हे काहीच दाखवणार नाही. तीस वर्षं अगदी स्वच्छ निघतील. बहिणींचा वारसाहक्क मात्र १९५६च्या हिंदू वारसा कायद्यानं आलेला आहे आणि सहहिस्सेदाराविरुद्ध नुसत्या वहिवाटीनं तो सहसा बुडत नाही. खरेदी झाल्यावर भाचा वाटपाचा दावा घेऊन उभा राहतो तो असा. मूळ फेरफारापर्यंत मागं जाणारी फर्म हे पहिल्या आठवड्यात पकडते आणि बहिणींना संमतीदार म्हणून दस्तावर घ्यायला सांगते. फी वसूल होते ती या एका सल्ल्यात.

दुसरी ठेच ‘इतर हक्क’ या रकान्यात लागते. ‘कुळकायदा कलम ४३च्या बंधनास पात्र’ असा शेरा असेल तर ३२म प्रमाणपत्राची, म्हणजे कुळानं जमीन विकत घेतल्याच्या दाखल्याची, तारीख बघायची. त्याला १० वर्षं होऊन गेली असतील तर आकाराच्या (शेतसाऱ्याच्या) ४० पट नजराणा सरकारला भरून विक्री करता येते, घेणारा शेतकरी असायला हवा. नाहीतर आधी परवानगी. भोगवटादार वर्ग २ (विकण्यावर सरकारी बंधन असलेली जमीन) किंवा ‘देवस्थान इनाम वर्ग ३’ (देवस्थानाला इनाम दिलेली जमीन) दिसलं तर अहवालात ते पहिल्या पानावर यायला हवं, आठव्या पानावरच्या तळटीपेत नव्हे. कोल्हापूर भागात देवस्थानच्या जमिनी भरपूर आहेत, त्यामुळं या एका मुद्द्यावर इथली जुनी फर्म बाहेरच्यापेक्षा नक्कीच सरस ठरते. एकाच गावचे फेरफार तिनं आधी दहा प्रकरणांत वाचलेले असतात.

निबंधकाकडच्या शोधात काय चुकतं? नोंदणी विभागाचा मोफत ई-सर्च सोयीचा आहे, पण भरवशाचा आहे तो संगणकीकरणानंतरच्या, साधारण २००२पासूनच्या दस्तांपुरता. दस्त नोंदवताना गट नंबर वेगळ्या पद्धतीनं टंकला गेला असेल, म्हणजे ‘१२३/१’च्या जागी ‘१२३/१अ’, तर तो नुसत्या नंबरनं सापडत नाही. नुसता नंबर, पोटहिस्सा आणि पक्षकाराचं नाव अशा तिन्ही वाटांनी शोध घ्यावा लागतो. २००२आधीच्या सूची कार्यालयात बसून पुस्तकातच बघाव्या लागतात. करवीर तालुक्यात दुय्यम निबंधक कार्यालयं एकाहून जास्त आहेत, सगळ्यांतला शोध हवा. ‘काही पाने फाटलेली असल्याने’ हे वाक्य जवळजवळ प्रत्येक अहवालात असतं. कोणत्या वर्षांची पानं, हे ज्या अहवालात लिहिलेलं असतं तो अहवाल प्रामाणिक.

मूळ कागद बँकेत ठेवून केलेलं गहाण पूर्वी सूचीत दिसायचंच नाही. १ एप्रिल २०१३पासून महाराष्ट्रात अशा गहाणाची नोटीस ३० दिवसांत निबंधकाकडं दाखल करावी लागते, त्यामुळं त्यानंतरचं बरंच कळतं. आधीच्या कर्जासाठी सरसाई (बँकांकडच्या गहाणांची केंद्रीय नोंदवही) बघायची आणि विकणाऱ्याकडं मूळ दस्त हातात मागायचा. झेरॉक्स दाखवून ‘मूळ हरवलाय’ म्हणाला तर थांबायचं. प्रलंबित दावे ई-कोर्टवर पक्षकाराच्या नावानं शोधावे लागतात आणि इंग्रजी स्पेलिंग बदललं की दावा निसटतो. म्हणून वर्तमानपत्रात १४-१५ दिवसांची जाहीर नोटीस देणं टाळू नये. खर्च वाचवायला ती वगळायला सांगणारे पक्षकारच असतात, त्याचा दोष फर्मवर घालता येणार नाही.

बिल्डरचा फ्लॅट असेल तर आधी महारेराच्या संकेतस्थळावर जाऊन प्रकल्पाचा टायटल अहवाल फुकट उतरवून घ्या आणि फर्मला फक्त तो तपासायला द्या. नवीन अहवालाचे पैसे वाचतात. टायटल सदोष निघालं तर रेराच्या कलम १८(२)खाली नुकसानभरपाई मागता येते आणि त्याला मुदतीची आडकाठी नाही.

फीबद्दल एकच आग्रह धरावा: सरकारी शोध शुल्क, नकलांचा खर्च, नोटिशीचा खर्च आणि वकिलाची फी वेगवेगळी लिहून घ्यावी. शुल्काची ग्रास (सरकारी ऑनलाइन भरणा) चलनाची पावती अहवालाला जोडलेलीच हवी. ती नसेल तर सर्च टेबलावर बसून लिहिला गेला असं समजा.

फर्मची उणी बाजूही आहे. पाटीवर नाव ज्येष्ठांचं असतं आणि फेरफार वाचतो दोन वर्षांचा ज्युनिअर. अहवाल कोणी वाचला आणि सही कोणाची, हे पहिल्याच भेटीत विचारावं. बँकेच्या पॅनेलसाठी केलेला अहवाल बँकेचं कर्ज सुरक्षित आहे का एवढंच बघतो, तोच तुम्हाला पुन्हा विकला जात असेल तर नाही म्हणा. शिवाय पंचगंगेच्या पूररेषेत जागा आहे का, आरक्षण आहे का, हे टायटल अहवालात येत नाही; त्यासाठी झोन दाखला वेगळा काढावा लागतो.

अहवालावर शोध कोणत्या तारखेपर्यंत घेतला ते लिहिलेलं असतं. त्या तारखेनंतर खरेदीपत्राला महिना-दीड महिना लागला असेल, तर दस्ताच्या आदल्या दिवशी पुरवणी शोध घ्यायला सांगा. काम तासाभराचं आहे.