गुडघाबदलानंतर रक्ताची गुठळी टाळताना: इंजेक्शन, नवी गोळी की अ‍ॅस्पिरिन?

गुडघा किंवा खुबा बदलल्यानंतर पायातील खोल शिरेत रक्ताची गुठळी होण्याचा आणि ती सुटून फुफ्फुसात अडकण्याचा धोका असतो, म्हणून बहुतेक रुग्णांना काही आठवडे रक्त पातळ करणारे औषध दिले जाते. कोणते द्यावे, याबाबत मात्र डॉक्टरांमध्येही मतभेद आहेत.

एनॉक्सापॅरिनचे ४० मिलिग्रॅमचे इंजेक्शन रोज एकदा पोटाच्या कातडीखाली टोचावे लागते. त्याचा अनुभव दीर्घ आहे, परंतु ते मूत्रपिंडावाटे बाहेर पडत असल्याने मूत्रपिंड फार अशक्त असेल तर मात्रा कमी करावी लागते, आणि घरी रोज सुई कोण टोचणार हा प्रश्न उरतोच. रिव्हरॉक्सॅबॅन (१० मिलिग्रॅम, दिवसातून एकदा) किंवा अपिक्सॅबॅन (२.५ मिलिग्रॅम, दोनदा) या गोळ्यांनी तो सुटतो, गुडघ्यासाठी साधारण १२ दिवस, तर खुब्यासाठी सुमारे ३५ दिवस त्या घेतात. क्षयरोगावरील रिफाम्पिसिन चालू असल्यास या गोळ्यांचा परिणाम घटतो, हे डॉक्टरांना आवर्जून सांगावे.

खरा वाद अ‍ॅस्पिरिनचा आहे, कारण ती स्वस्त आणि ओळखीची आहे. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या कॅनडातील चाचणीत सर्वांना आधी पाच दिवस रिव्हरॉक्सॅबॅन दिले आणि मग निम्म्यांना ८१ मिलिग्रॅम अ‍ॅस्पिरिनवर आणले. लक्षणे दाखवणाऱ्या गुठळ्यांचे प्रमाण अ‍ॅस्पिरिन गटात ०.६४ टक्के, तर रिव्हरॉक्सॅबॅन गटात ०.७० टक्के आढळले. याउलट २०२२ च्या ऑस्ट्रेलियातील चाचणीत सुरुवातीपासून केवळ अ‍ॅस्पिरिन घेणाऱ्यांत ९० दिवसांत हे प्रमाण ३.४५ टक्के, तर एनॉक्सापॅरिन गटात १.८२ टक्के होते. हा फरक मुख्यतः गुडघ्याखालच्या, तुलनेने कमी घातक गुठळ्यांचा होता, तरीही तो दुर्लक्षिण्याजोगा नाही.

या दोन निष्कर्षांत मला विरोध दिसत नाही: पहिले काही दिवस प्रभावी औषध आणि नंतर अ‍ॅस्पिरिन, हा क्रम सामान्य जोखमीच्या रुग्णासाठी समंजस वाटतो. ज्यांना पूर्वी गुठळी झाली आहे किंवा कर्करोग आहे, त्यांनी मात्र स्वस्ताईपोटी अ‍ॅस्पिरिनचा आग्रह धरू नये. ज्यांना रक्तस्रावाचा धोका मोठा आहे, त्यांच्यासाठी पायांवर हवेचा दाब देणारे यंत्र हाच तूर्त आधार ठरतो. ते काढून ठेवले की त्याचा उपयोग थांबतो.